मतभेदांची गावे आणि बोलण्याच्या जागा : पालघर-बोईसर पट्ट्याचा आढावा

गावातला राजकीय दुरावा मतपेटीच्या आधी रोजच्या व्यवहारात दिसतो. एका पॅनेलचा माणूस दुसऱ्या पॅनेलच्या घरच्या हळदीला जात नाही. नळाची जागा ठरवताना कोणत्या आळीने कोणाला मते दिली ते आठवले जाते. ग्रामसभेत कोणी उभा राहिला की तो काय म्हणतो यापेक्षा तो कोणाचा, याचीच चौकशी आधी होते. मतभेद असणे हा लोकशाहीचा दोष नव्हे, ते तिचे नित्याचे लक्षण आहे. विरुद्ध मताच्या माणसाशी बोलणेच थांबते आणि त्याने आणलेली खरी माहितीही खोटी मानली जाते, तेव्हा मतभेदाचा दुरावा होतो. हा दुरावा एकत्र बसून बोलल्याने कमी होतो का, आणि होत असेल तर कशा प्रकारच्या बोलण्याने, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. त्यासाठी मुख्यतः उमरोळीच्या आसपासचा, म्हणजे पालघर, बोईसर आणि तारापूर यांमधला पट्टा विचारात घेतला आहे. जोडीला महाराष्ट्रातले इतर अनुभव आणि बाहेरचे काही अभ्यास पाहिले आहेत.

पट्ट्याची घडण

उमरोळी हे पश्चिम रेल्वेवरचे पालघर आणि बोईसर यांच्या मधले स्थानक. रुळांच्या पश्चिमेला बंदरपट्टी आहे. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, उनभाट अशा गावांमध्ये मांगेला, वैती, भंडारी, वाडवळ समाजांची मासेमारी, बागायत आणि भातशेती चालते. पूर्वेला जंगलपट्टी आहे. तिथल्या पाड्यांवर वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा यांची वस्ती आहे, आणि गावागावांत कुणबी, आगरी व इतर समाज आहेत. उत्तरेला बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत. तिथल्या रासायनिक, औषधी, कापड आणि पोलाद कारखान्यांत खानदेशापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतचे कामगार आले आणि स्थायिक झाले. दक्षिणेला पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, आणि पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगाव येथे जिल्हा मुख्यालयाची संकुले उभी राहिली. काही किलोमीटरच्या आत समुद्र, जंगल, कारखाना आणि सरकारी कचेरी असा हा शेजार आहे. इथल्या राजकीय भांडणांची मुळे याच शेजारात आहेत.

पक्षांच्या पातळीवर चित्र सतत हलते राहिले आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर पालघर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ झाला. २००९ मध्ये तिथे बहुजन विकास आघाडी जिंकली, २०१४ मध्ये भाजप. खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर २०१८ मध्ये पोटनिवडणूक झाली. त्यांचे पुत्र शिवसेनेकडून उभे राहिले आणि काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपकडून निवडून आले. पुढच्याच वर्षी गावित शिवसेनेचे खासदार झाले. २०२४ मध्ये भाजपचे हेमंत सवरा विजयी झाले. डहाणू विधानसभा मतदारसंघ २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडे राहिला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. नेते पक्ष बदलतात तेव्हा त्यांचे एकमेकांशी जुळते. त्यांच्यासाठी गावात भांडलेल्या दोन घरांचे जुळतेच असे नाही. या पट्ट्यातील दुराव्याचा विचार करताना ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. वरची युती खाली आपोआप उतरत नाही, खालची अढी मात्र वर्षानुवर्षे टिकते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका महाराष्ट्रात पक्षचिन्हांवर होत नाहीत. गावात पॅनेले होतात आणि पॅनेलच्या मागे आळी, भाऊबंदकी, पाडा, जात आणि शेवटी पक्ष अशी उतरंड असते. त्यामुळे वरवर पक्षीय वाटणारे भांडण पुष्कळदा जमिनीच्या बांधाचे असते, आणि बांधाचे म्हणून सांगितलेले भांडण उमेदवारीचे निघते. संवाद कशाविषयी घडवायचा हे ठरवण्याआधी भांडण नेमके कशाचे आहे हे शोधावे लागते.

दुराव्याच्या रेषा

या पट्ट्यात पक्षांपेक्षा खोल जाणाऱ्या चार-पाच रेषा आहेत. पहिली रेषा उद्योग आणि समुद्र यांची. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी खाड्यांमधून समुद्रात जाते आणि मासळी संपते, ही किनाऱ्यावरच्या गावांची जुनी तक्रार आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. दुसऱ्या बाजूला त्याच कारखान्यांवर बोईसर, उमरोळी, पालघरची हजारो कुटुंबे अवलंबून आहेत. कारखाना बंद करा म्हणणारा मच्छीमार आणि कारखाना चालू राहू द्या म्हणणारा कामगार हे अनेकदा एकाच गावात राहतात, क्वचित एकाच घरात.

दुसरी रेषा प्रकल्पांची. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदर असे एकामागून एक प्रकल्प आले. प्रत्येकाने गावे जमीन देणारे आणि न देणारे अशी विभागली. मोबदला मिळालेला शेतकरी आणि सातबाऱ्यावर नाव नसल्याने काहीच न मिळालेला कसणारा, यांच्यातली अढी तर पक्षीय वैरापेक्षाही कडवट असते.

तिसरी रेषा आदिवासी आणि बिगरआदिवासी यांची. जिल्ह्याचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतो. पालघर आणि वसई तालुक्यांचा काही भागच त्यात आहे. त्यामुळे एक गाव अनुसूचित क्षेत्रात आणि शेजारचे बाहेर असे घडते. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली ठरावीक पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी राखून ठेवली. आदिवासी तरुणांना यात हक्क दिसला, बिगरआदिवासी तरुणांना आपल्याच गावात दार बंद झाल्यासारखे वाटले. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि दोन्हींवर राजकारण झाले. भूमिपुत्र आणि परप्रांतीय ही चौथी रेषा औद्योगिक वसाहतीतल्या नोकऱ्या आणि चाळींभोवती फिरते. धर्मावरून पडलेली फूट या पट्ट्यात तुलनेने उशिरा आली आणि ती बहुतेक बाहेरून आलेल्या संदेशांवर पोसली गेली.

बोलण्याच्या आजच्या जागा

ग्रामसभा ही कायद्याने दिलेली जागा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तिचे रूढ दिवस. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेली संख्या ही साध्या ग्रामसभेची गणपूर्ती आहे. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ही तरतूद कामाचा खोळंबा होऊ नये म्हणून आहे. प्रत्यक्षात मात्र विरोधकांना टाळून ठराव करण्याची वाट तिच्यातून निघते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचे बंधन कायद्यात आहे, पण ती सह्यांच्या वहीपुरती उरल्याचे अनेक गावांत दिसते.

तारखांचाही प्रश्न आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. जंगलपट्टीतली पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी आणि बांधकामाच्या कामाला वसई, भिवंडी, ठाण्याकडे जातात. मध्ये होळीला येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे २६ जानेवारी आणि १ मे या दोन सभांना, जिथे वर्षाचा आराखडा आणि हिशेब येतो, ती नसतात. २ ऑक्टोबरला हळवे भात कापणीला आलेले असते. त्यांच्यासाठी खऱ्या अर्थाने एकच सभा उरते, १५ ऑगस्टची. ज्यांच्या गैरहजेरीत ठराव होतात त्यांनी नंतर त्यांचा मान राखावा ही अपेक्षा अन्याय्य आहे.

पंचायत विस्तार कायदा, म्हणजे पेसा, १९९६ चा. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रातला पाडा स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतो आणि आपली ग्रामसभा भरवू शकतो. संवादाच्या दृष्टीने ही फार मोलाची सोय आहे. पाच-सहा पाड्यांची मिळून भरणारी सभा मोठ्या गावच्या दोन-तीन पुढाऱ्यांच्या ताब्यात जाते. पाड्यावरच्या सभेत, परक्यांसमोर न बोलणारी बाईसुद्धा बोलते.

कायद्याबाहेरच्या जागाही कमी नाहीत. सहकारी मच्छीमार सोसायट्यांच्या बैठका, भजनी मंडळे, क्रिकेटचे संघ, उत्सव समित्या आणि १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत धावू लागलेली उपनगरी लोकल. उमरोळीचा प्रवासी रोज सकाळी ज्या गटात उभा राहतो त्यात दोन्ही पॅनेलची, तिन्ही-चारही पक्षांची माणसे असतात. गाडीची वेळ बदलली की हे सगळे मिळून निवेदन देतात. पश्चिमेच्या समुद्रात कवींचा, म्हणजे मासेमारीच्या ठरलेल्या जागांचा, वाद आहे. सातपाटी-डहाणू बाजूचे आणि वसई-उत्तन बाजूचे मच्छीमार त्यावरून वर्षानुवर्षे भांडत आणि वाटाघाटी करत आले आहेत. तो पुरता मिटलेला नाही, पण भर समुद्रातला तंटा सोसायटीच्या कचेरीत आणून बोलण्याची सवय त्यातून लागली आहे. तिचे मोल कमी लेखू नये.

बोलणे कुठे तुटले

१६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदी चालू असताना, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार मारले. परिसरात मुले पळवणारे आणि चोर फिरत असल्याच्या अफवा आधीचे काही दिवस मोबाइलवरून पसरत होत्या, आणि गावोगाव रात्रीचे पहारे बसले होते. घटनेनंतर देशभरातून धर्माच्या नावाने आरोप झाले. अटक झालेल्यांमध्ये एकही मुस्लीम नसल्याचे तेव्हाच्या गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावे लागले. या घटनेचा कायदेशीर भाग न्यायालयाचा आहे. या आढाव्याच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची. टाळेबंदीने बाजार, ग्रामसभा, शाळा, गाड्या सगळे बंद केले होते. अफवा खरी की खोटी हे पडताळण्याच्या नेहमीच्या जागा त्याच काळात नाहीशा झाल्या होत्या. अफवेच्या वेळी ज्याला फोन करून विचारावे असा पलीकडच्या गटातला एक विश्वासाचा माणूस प्रत्येक गावाला लागतो, आणि तो ऐन वेळी तयार होत नाही.

दुसरे उदाहरण डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराचे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दोन दशके त्याचे अध्यक्षपद सांभाळले. मच्छीमार, बागायतदार, कंपन्या, सरकारी खाती यांना एकाच टेबलाशी वारंवार बसवणारी ही कायमची जागा होती. १९९८ मध्ये तिने बंदर नाकारले, जुलै २०२३ मध्ये अध्यक्ष आणि परिस्थिती दोन्ही बदलल्यावर अटींसह परवानगी दिली. १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला पायाभरणी झाली.

बंदर व्हावे की न व्हावे हा इथला विषय नाही. जनसुनावणीचा साचा हा मात्र विषय आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अशा सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, मतदान नाही, फक्त म्हणणे नोंदवले जाते. सारांश स्थानिक भाषेत मिळतो, पण मूळ अहवालाची शेकडो पाने इंग्रजीत असतात. हजारो माणसे एका मांडवात, प्रत्येकाला काही मिनिटे, बाहेर पोलीस बंदोबस्त, आणि मनात पक्की समजूत की निर्णय वरती झालेलाच आहे. अशा ठिकाणी माणूस समोरच्याचे ऐकायला येत नाही, आपला विरोध किंवा पाठिंबा मोजला जावा म्हणून येतो. नोकरीच्या आशेने बंदराकडे पाहणारा जंगलपट्टीतला तरुण आणि जाळे जाणार म्हणून घाबरलेला किनाऱ्यावरचा तरुण एकमेकांशी एक वाक्यही न बोलता घरी गेले, तर ती सुनावणी कागदावर पूर्ण होते, गावात दुरावा वाढवते.

महाराष्ट्रातले अनुभव

पालघर तालुक्यातच अशा सुनावणीच्या नेमका उलटा अनुभव आहे. १९७० च्या दशकात काळूराम धोदडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघरच्या जंगलपट्टीत भूमिसेना उभी केली. तिची लढाई जमीन, वेठ आणि मजुरीची होती. पण तिचे वेगळेपण शिबिरात होते. वेगवेगळ्या पाड्यांवरची माणसे एकत्र बसत, आपल्यावर काय गुदरले ते सांगत, एकाच्या अनुभवाला दुसऱ्याचा ताडून पाहत आणि त्यातून पुढचे पाऊल ठरवत. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाचे काम प्रश्न विचारण्याचे, उत्तर देण्याचे नव्हे. गावोगावच्या तरुण मंडळांनी ही पद्धत उचलली. डी सिल्व्हा, मेहता, रहमान आणि विघ्नराज या चार अभ्यासकांनी १९७९ मध्ये भूमिसेनेवर लिहिलेला अभ्यास लोकसहभागाच्या जागतिक साहित्यात आजही महत्त्वाचा मानला जातो. पालघरच्या पूर्वेला जन्मलेली पद्धत जगभर अभ्यासली गेली आणि पालघरच्या पश्चिमेला फारशी ठाऊक नाही, ही खेदाची बाब आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ही वाट आणखी पुढे नेली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तिथे दोन वेगळ्या जागा तयार झाल्या, अभ्यासगट आणि ग्रामसभा. अभ्यासगटात कोणीही यावे, काहीही विचारावे, माहिती गोळा करावी, पण निर्णय घेऊ नये. निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. चर्चा आणि निर्णय यांची अशी फारकत का उपयोगी पडते हे समजून घेण्यासारखे आहे. जिथे लगेच हात वर करायचा असतो तिथे माणूस आपल्या गटाला सोडून बोलू शकत नाही. जिथे काहीच ठरणार नसते तिथे तो मोकळेपणाने शंका विचारतो, मत बदलतो, आणि बदलल्याबद्दल त्याला कोणी टोकत नाही.

भिवंडीचा धडा वेगळा आहे. पालघर वेगळा होण्यापूर्वी हे शहर आणि हा पट्टा एकाच ठाणे जिल्ह्यात होते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते होरपळले होते. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत हिंदू आणि मुस्लीम दोन्ही होते. पुढाऱ्यांऐवजी यंत्रमाग कामगार, रिक्षाचालक, छोटे दुकानदार अशी माणसे घेतली आणि वस्तीतल्या पोलिसाला त्या समितीशी बांधून टाकले. बैठका नियमित होत. विषय दंगलीचा नसे, नळ, गटार, उधारी, भाडेकरू असा असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी त्यावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले. मुंबईतही १९९४ पासून ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. मात्र जुलै २००६ मध्ये भिवंडीतच एका पोलीस ठाण्याच्या जागेवरून हिंसाचार झाला, त्यात दोन पोलीस मारले गेले आणि गोळीबारात नागरिकांचेही जीव गेले. संवादाची व्यवस्था चालू ठेवावी लागते. माणूस बदलून गेला आणि बैठका थांबल्या की पूर्वीचे पुण्य कामाला येत नाही.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केली. गावातले तंटे समितीपुढे सामोपचाराने मिटवावेत आणि चांगल्या कामाबद्दल गावाला बक्षीस मिळावे, अशी तिची रचना होती. बांध, वाटणी, हाणामारी यांचे खटले तिने अनेक गावांत कमी केले. राजकीय दुराव्यावर तिचा उपाय अर्धाच ठरला, कारण समितीचे अध्यक्षपद हेच पुष्कळ गावांत पॅनेलच्या चढाओढीचा विषय झाले. बिनविरोध निवडणुकांचेही तसेच. त्यांना अनुदान, सत्कार, बातम्या मिळतात. पण जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. बिनविरोध म्हणजे एकमत, असे धरून चालता येत नाही. कधी ते एकमत असते, कधी दाबलेला विरोध.

आणखी जुना आधार संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि हिंदुत्ववादी पक्षही होते. विचारांनी एकमेकांचे हाडवैरी असलेले हे पक्ष एका नेमक्या प्रश्नापुरते एकत्र राहिले आणि तो सुटल्यावर वेगळे झाले. पालघरच्या उत्तरेला उंबरगाव तालुक्याची विभागणी १९६० मध्ये झाली, तेव्हा हा भाग त्या वादाच्या ऐन सीमेवर होता. मतभेद कायम ठेवून एका प्रश्नावर एकत्र येता येते, याला महाराष्ट्रात याहून मोठा पुरावा नाही.

अभ्यास काय सांगतात

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले की, दोन गटांची नुसती भेट पूर्वग्रह घालवत नाही. भेटीत दर्जा समान हवा, उद्दिष्ट समान हवे, सहकार्य हवे आणि वरच्या सत्तेचा पाठिंबा हवा. ऑलपोर्टच्या अटी भिवंडीच्या समित्यांनी जवळजवळ जशाच्या तशा पाळलेल्या दिसतात. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या जोड्या तपासल्या. रोजची ओळखदेख गावात पुरते, शहरात पुरत नाही, तिथे दोन्ही गटांच्या सामाईक संघटना लागतात, हा त्यांचा निष्कर्ष. उमरोळी पट्टा या दोहोंच्या मध्ये आहे. गाव म्हणून ओळखदेख आहे, पण बोईसरच्या चाळींत आणि नव्या इमारतींत शहरासारखी अनोळख आली आहे. लोकलमधली रोजची सोबत म्हणूनच पुरेशी नाही. तिला प्रवासी संघटना, कामगार संघटना, सोसायटी असे रूप मिळाले तरच ती संकटात टिकेल.

सलमा मूसा यांचा इराकमधला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सावध करणारा आहे. विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लीम खेळाडू घेतले. संघातली वागणूक सुधारली, मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांविषयीची फारशी नाही. म्हणजे उमरोळीच्या मैदानात सर्व पाड्यांचे क्रिकेट सामने भरवणे चांगलेच, पण त्यातून अनुसूचित क्षेत्रातल्या राखीव पदांचा वाद सुटेल अशी आशा धरू नये. विजयेंद्र राव आणि परोमिता सन्याल यांनी दक्षिणेतल्या चार राज्यांमधल्या सुमारे ३०० ग्रामसभांचे शब्दशः टिपण तपासले. गरीब आणि निरक्षर माणसेही तिथे मुद्देसूद बोलतात, पण किती बोलता येते हे सरकारने सभेला दिलेल्या अधिकारांवर आणि माहितीवर ठरते, असे त्यांना दिसले. आयर्लंडच्या ९९ नागरिकांच्या सभेचा अनुभवही त्याच दिशेचा. २०१६ पासून चिठ्ठीने निवडलेल्या माणसांनी गर्भपाताच्या कायद्यावर तज्ज्ञांना ऐकून शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये देशाने त्यावर सार्वमत घेतले. बोलण्यातून काही ठरणार असेल तर माणसे नीट बोलतात.

एक गंभीर आक्षेप

आदराने बोला, हा सल्ला नेहमी दुबळ्यालाच दिला जातो, असा आक्षेप आहे आणि या जिल्ह्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. १९४५ पूर्वी वारल्यांनी सावकार आणि जमीनदाराशी आदरानेच बोलायचे असे. त्या आदराचे नाव वेठ होते. २३ मे १९४५ रोजी झरी येथे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद झाली आणि वेठीला नकार देण्यात आला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला, माणसे मेली. मजुरीच्या दराची बोलणी त्यानंतर शक्य झाली. आधी संघर्षाने दोन बाजू जवळपास समान उंचीवर आल्या, मग संवाद झाला. जिथे एकाच्या हातात दुसऱ्याची भाकरी आहे तिथे गोड बोलण्याचा आग्रह धरणे म्हणजे अन्यायाला मुदतवाढ देणे. म्हणून मोर्चा आणि बैठक यांना एकमेकांचे शत्रू मानणे चुकीचे आहे. या पट्ट्यातल्या संघटनांनी दोन्ही केले आणि दोन्हींची गरज होती.

आदराचा खरा अर्थ इथे नम्र शब्दांपेक्षा समान माहितीत शोधावा लागतो. एका बाजूकडे नकाशा, अहवाल, वकील आणि दुसरीकडे ऐकीव बातमी असेल तर संवाद होत नाही, समजूत काढणे होते. सभेच्या आधी कागद मराठीत मिळणे, वारली किंवा मांगेली बोलीत कोणीतरी तो समजावून सांगणे, आणि समजून घेण्यास पुरेसे दिवस मिळणे, हा आदर.

उमरोळी पट्ट्यासाठी

या सगळ्या अनुभवांतून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. शांत काळात, नियमितपणे, नेमक्या सामाईक प्रश्नावर आणि निर्णय होण्याच्या आधी झालेले बोलणे दुरावा कमी करते. संकटात घाईने भरवलेली किंवा निर्णयानंतर उरकलेली सभा तो वाढवते. त्याप्रमाणे करण्यासारखी कामे मोठ्या खर्चाची नाहीत. पाड्यावरच्या आणि आळीतल्या छोट्या सभा ग्रामसभेआधी व्हाव्यात. मेंढा-लेखासारखे अभ्यासगट प्रत्येक वादग्रस्त प्रकल्पासाठी बसावेत, त्यांत दोन्ही बाजूंची माणसे घ्यावीत आणि त्यांना निर्णयाचा अधिकार देऊ नये. बैठकीत पक्षाचा कार्यकर्ता जरूर यावा, झेंडा आणि मोबाइलचे चित्रण नको, कारण चित्रण चालू असताना माणूस समोरच्याशी बोलत नाही, आपल्या गटाशी बोलतो. समुद्र आणि कारखाना या प्रश्नावर मच्छीमार सोसायट्या आणि कामगार संघटना यांची एकत्र बैठक नियमित व्हावी. सांडपाण्याच्या तपासणीचे आकडे दोघांसमोर एकाच वेळी वाचले जावेत. बैठक चालवायला पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय, कोसबाडसारख्या जुन्या शिक्षणसंस्था आणि गावोगावची वाचनालये यांच्याकडे निष्पक्ष जागा आणि माणसे दोन्ही आहेत.

सर्वांत आधी करण्यासारखे काम तारखेचे आहे. स्थलांतरित कुटुंबे घरी असतात ती सभा १५ ऑगस्टची. वर्षातला सर्वांत वादाचा विषय त्या सभेपुढे आणावा, त्याचे कागद आषाढातच पाड्यापाड्यावर पोचवावेत, आणि गणपूर्ती झाली नाही तर तहकुबीचा आधार न घेता तो विषय पुढच्या भरलेल्या सभेपर्यंत थांबवावा. पालघर तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी एवढे येत्या पावसाळ्यात करून पाहावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि वरून परवानगीही लागत नाही.